शिबिरातली परात

"ही घाण पुढे कोणी बसवली?"

ताई एवढंच बोलल्या. हळू बोलल्या. माझ्या कानापाशी तोंड आणून, ओठ हसते ठेवून, कारण समोर गादीवर माताजी बसल्या होत्या आणि सगळ्यांचे मोबाईल फोटोसाठी वर होते. बोलता बोलता त्यांनी माझ्या कोपराच्या वरचं मांस दोन बोटांत असं पिरगाळलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घाण म्हणजे वेणूअक्का. घाण म्हणजे नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीतल्या बाया. धुतलेल्या साड्या नेसून, केसांना तेल लावून, नव्या सतरंजीवर पहिल्या ओळीत मांडी घालून बसलेल्या. मीच सांगितलं होतं लवकर या म्हणून. पुढे बसलं की माताजीचं नीट ऐकू येतं, असं मीच म्हटलं होतं.

मी बसवल्या. मीच.

ते तोंडातून निघालं नाही. मी नुसती मान हलवली, कायले हलवली ते बी कळलं नाही.

"मागे घे त्यांना. तूच सांग. मी सांगितलं तर वाईट दिसेल."

आता मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाले समजणार नाही की मी एवढी कायले घाबरते.

माहेर माझं धुळ्याकडचं. नववीपर्यंत शाळा. लग्न होऊन जळगावले आली, पिंप्राळ्यात, नाल्यापलीकडच्या वस्तीत. नवरा गाडी चालवतो, म्हणजे तेव्हा चालवायचा, ताईंच्या घरची. ताईंच्या नवऱ्याचा, म्हणजे शेठचा, केळीचा मोठा व्यापार, बंगला मोठा, आणि बंगल्याच्या मागच्या बाजूले गाडीच्या शेडजवळ एक खोली. त्या खोलीत आम्ही. मी, हे, आणि तीन वर्षांची पोरगी, परी. भाडं नव्हतं. त्याच्या बदल्यात मी अंगण झाडायची, झाडांना पाणी घालायची, ताई सांगतील ते वरचं काम करायची. आत फक्त स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. देवघराकडे जायचं नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आमच्या वस्तीचं नाव घेतलं की जात विचारावी लागत नाही.

खोली चांगली होती. पत्रा नव्हता, स्लॅब होता. नळ दाराशी. आणि बंगल्याच्या समोरच बालवाडी, परीचं नाव तिथं टाकलं होतं. ती खोली गेली तर आम्ही कुठं जाणार, हे माझ्या डोक्यात उठता बसता चालायचं. ताईंच्या चपलेचा आवाज आला की मी हातातलं काम थांबवून बघायची. काही चुकलं का. झाडू नीट मारला का. परी रडली का मोठ्यानं.

ही भीती बाळंतपणापासूनची. तेव्हा बाळ आडवं आलं होतं आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हटले होते की दोघींपैकी एक वाचेल. दोघी वाचलो. पण भीती गेलीच नाही, अंगात राह्यली. कोणी दार वाजवलं तरी हात थरथरतात. वस्तीतल्या दवाखान्यातली नर्स म्हटली, ध्यान कर, श्वासाकडे बघ. मले ते जमत नव्हतं. एकटीनं श्वासाकडे बघितलं की श्वासच अडकल्यासारखा वाटायचा.

म्हणून ताईंनी जेव्हा सांगितलं की आपण कॉलनीच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर घेतोय, शनिवार रविवार, नाव 'निर्भय मन', तेव्हा मले खरंच वाटलं की हे माझ्यासाठीच आहे. देवानं पाठवलं. येडी मी.

शिबिराची सगळी धावपळ माझ्याकडे. बॅनरवर ताईंचं नाव, फोटो बी. पण मंडपवाल्याकडे चकरा कोणी मारल्या, मी. सतरंज्या कोणी झटकल्या, मी. माइकवाल्याले चारदा आठवण, पाण्याचे जार, माताजींच्या गादीले पांढरी चादर, ती बी इस्त्री केलेलीच पाहिजे, तुळशीची कुंडी, चहाची साखर. परीले कडेवर घेऊन घरोघर फिरली. "मॅडम, शनिवारी या हं, मनाले शांती मिळते." बाया दारातूनच हो हो म्हणायच्या आणि दार लावायच्या. लग्नसराई होती. एकीचं हळदीकुंकू, दुसरीच्या भावाचा साखरपुडा. पहिल्यांदा मी ताईंना घाबरलेलं पाह्यलं. माताजी मोठ्या होत्या, बाहेरगावाहून यायच्या होत्या, हॉल रिकामा दिसला असता तर ताईंची अब्रू गेली असती.

तेव्हा ताई म्हटल्या, ओट्यावर उभ्या राहून, मले शब्द न शब्द आठवतो: "हॉल भरला पाहिजे. कोणालाही बोलाव. माताजींच्या शिबिरात जात नसते, आत्म्याला कुठे असते जात."

मी ते खरं धरलं.

दुसरी कोणी असती तर तिले कळलं असतं की हे बोलायचं असतं, करायचं नसतं. मले नाही कळलं. मी पळत वस्तीत गेली. वेणूअक्काले सांगितलं. वेणूअक्का म्हणजे आमच्या वस्तीतली सगळ्यात मोठी बाई, नवरा वारलेला, एका दवाखान्यात फरशी पुसते, गुडघ्यानं लंगडते. वस्तीत निम्म्या बाया धुळ्याकडच्याच, त्यामुळे बोलणं आपल्या घरचं. वेणूअक्का मले म्हटली, "आम्हले कोन बसू दी तठे?" मी म्हटलं, "अक्का, ताई स्वतः बोलल्या. जात नसते म्हणे तिथं." अक्कानं माझ्याकडे पाह्यलं. मग म्हटली, "बरं. माले बी एकदाव दखू दे शांती कशी ऱ्हास ते."

बाकीच्या बाया अक्का येते म्हणून आल्या. एकीनं कामावर सुट्टी सांगितली. दुसरीनं नवऱ्याशी भांडून वेळ काढला.

आणि आता ताई सांगत होत्या, मागे घे.

मी पहिल्या ओळीपाशी गेली. खाली वाकली. वेणूअक्काच्या कानात सांगायले गेली तर आवाजच निघेना. अक्कानंच विचारलं, "काय व्हयनं व?"

"अक्का, जरा मागे..."

अक्का उठली. गुडघ्याले हात टेकून, हळूहळू. तिच्यामागं बाकीच्या उठल्या. त्यांना कोणी काही समजावून सांगितलं नाही, तरी समजलं. ते मले जास्त लागलं. मागच्या भिंतीपाशी गेल्या तर तिथं बी ताईंच्या मैत्रिणी येऊन उभ्या, पर्स ठेवायले जागा पाहिजे होती म्हणे. मग ताईंनीच गोड आवाजात सर्वांदेखत सांगितलं, "आपल्या या भगिनी सेवा गटात आहेत. प्रसादाची सेवा त्यांच्याकडे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सेवा गट म्हणजे हॉलच्या मागचं स्वयंपाकघर. तिथं वांग्यांच्या पाट्या ठेवल्या होत्या. जेवणाले भरीत होतं. मागच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या काड्या पेटवल्या, त्यावर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात ठेचायची. धूर डोळ्यांत. आणि भोंगा बरोबर आमच्या डोक्यावर. माइकमधून माताजींचा आवाज, मधासारखा.

"डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. भीती सोडून द्या."

वेणूअक्का गरम वांगं या हातातून त्या हातात करत म्हटली, "सोडा म्हनस. सोडीसन ठेवू कोठे?"

बाया हसल्या. मी बी हसली असती, पण दारातून ताई बघतील म्हणून तोंड दाबलं.

"ए पोरी," अक्का मले म्हटली, "माले वाटनं डोया मिटीसन बसानं शे. आठे त धूरनीच मिटी गयात."

मग एक मॅडम आली, सांगून गेली की भरीतात कांदा-लसूण नको, सात्त्विक पाहिजे. अक्कानं ती जाईपर्यंत वाट पाह्यली. "लसून नही त ते भरीत कसानं व. ते त नुसतं वांगानं मढं."

अशा त्या हसत होत्या. मले वाटलं त्या मले शिव्या देतील, तू आम्हाले फसवून आणलं म्हणतील. एकीनं बी म्हटलं नाही. मी त्या धुरात बसून हळूच श्वासाकडे बघायचा प्रयत्न केला, माताजी सांगत होत्या तसा. आत घ्या. सोडा. खोकला आला.

जेवणाच्या वेळी आमची पंगत सगळ्यात शेवटी, मागच्या ओट्यावर, आणि पत्रावळी वेगळ्या. हॉलमध्ये स्टीलची ताटं होती. परी मले विचारत होती, आई मले ताट पाहिजे. मी तिले गप केलं. एक चापट बी मारली. ती रडली नाही, नुसती बघत राह्यली.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी ह्यांना सांगितलं. हे गाडी पुसत होते. फडकं थांबलं नाही. "उद्याचा दिवस काढ," म्हटले. "त्यांचा मूड खराब नको करू. आपली खोली त्यांच्या हातात आहे."

मग मी आईले फोन लावला. आई धुळ्याले देवपुरात चार घरची भांडी करते. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हटली, "गप ऱ्हाय बेटा. दोन दिननं काम शे, काढी ले. आम्ही सारी जिंदगी काढी."

मी म्हटलं बरं.

आणि खरंच मी ठरवलं होतं की काढायचा. रविवारी सकाळी देवाची शपथ घेऊन गेली की तोंड उघडणार नाही. वेणूअक्का परत आली, मले वाटलं नव्हतं येईल. मी विचारलं तर म्हटली, "तू एकली पडशी म्हनीसन उनू." बाकीच्या बी काही आल्या. दोघी तर ताईंच्याच मैत्रिणींकडे कामाले, त्यांना न येऊन चालणारच नव्हतं.

दुपारच्या सत्रात मोठा कार्यक्रम होता. अहंकार विसर्जन. माताजींनी सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती, परी माझ्या पदराले धरून.

"आज आपण आपला मीपणा पाण्यात सोडणार आहोत. प्रत्येकीने शेजारच्या बहिणीचे पाय धुवायचे. मग ती तुमचे धुवेल. पाय धुताना मनात एकच भाव, की समोर बसलेली परमात्मा आहे."

मले ते फार आवडलं. खरं सांगते. काटा आला अंगावर. मनात म्हटलं, आता तरी. आता कोणीतरी वेणूअक्काचे पाय हातात घेईल, त्या फुटलेल्या टाचा. चौरंग मांडले, पितळी पराती मांडल्या, तांबे भरले, कोमट पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या. ते सगळं मीच मांडलं.

बाया जोड्या लावू लागल्या. मग थांबल्या. कुजबुज सुरू झाली. एकीनं शेजारणीले कोपर मारलं. कोणाच्या वाट्याले आमच्यातली येईल, हा घोर पडला होता, आणि मी येडी अजून हसत उभी होती. ताई उठून माताजींच्या कानाशी गेल्या. माताजींनी डोळे मिटले. थोडा वेळ तसेच मिटलेले. मग उघडले आणि माइकमध्ये म्हटल्या,

"हे भाग्य आज आपण आपल्या सेवेकरी भगिनींना देऊ या. त्या धुतील. आपण कृतज्ञतेने स्वीकारू."

परत टाळ्या.

पहिला चौरंग ताईंचा. पुढे मी. वेणूअक्का बाजूच्या चौरंगापाशी, तिले खाली बसता येईना, गुडघा वाकत नव्हता, तरी बसली. मी परातीत हात घातला. ताईंनी पाय ठेवला. गोरा, मऊ, चांदीची जाड जोडवी, नखांना रंग. मी पाणी घातलं. तांब्या परातीले वाजला, ताई हसून म्हटल्या, "हळू, सांडशील." समोर कोणीतरी फोटो काढत होतं. माताजींचा माइक तिथंच स्टँडवर चालू होता.

एक पाय धुतला. पुसला. कुंकू लावलं.

दुसरा पाय हातात घेतला तेव्हा परी माझ्यामागून सरकली. मी पाह्यलं नाही. ती पलीकडच्या परातीपाशी जाऊन बसली, मी बसते तशीच, उकिडवी, आणि एका मॅडमच्या पायावर तिच्या एवढ्याशा ओंजळीनं पाणी घालायले लागली. तिले खेळ वाटला. आई करते ते ती करते, झाडू बी मारते, लहान पोरं करतातच.

ती मॅडम इतकी खूश झाली. तिनं सगळ्यांना दाखवलं.

"अगंबाई, बघा तरी. हिच्या रक्तातच आहे सेवा."

हॉल हसला. माताजी बी हसल्या. ताई हसल्या, मले त्यांच्या पायात ते हसणं हलताना कळलं, कारण पाय माझ्या हातात होता.

तेव्हा माझं काय झालं ते मले सांगता येत नाही. मी शूर नाही. कानात हवा भरल्यासारखं झालं, लघवी होईल असं वाटलं. एवढी भीती मले बाळंतपणात बी वाटली नव्हती. पण ही भीती ताईंची नव्हती. परीची होती. म्हणजे परीसाठी. ती अशीच उकिडवी बसलेली मले दिसली, मोठी झालेली, साडीत, कोणाच्या तरी पायाशी. आणि तिच्याजवळ तिची पोरगी.

मी ताईंचा पाय खाली ठेवला. आदळला नाही. ठेवला.

उठली, परीले उचललं, तिचे ओले हात माझ्या साडीले पुसले. आणि म्हटलं,

"माझी पोरगी पाय धुणार नाही."

माइक चालू होता. बाहेरच्या भोंग्यातून माझा आवाज रस्त्यावर गेला. मले तो ओळखू बी आला नाही.

"बरं, घे तिला," ताई म्हटल्या. "आणि हा पाय राहिलाय."

मी म्हटलं, "ताई, माताजी बोलल्या ना, एकीनं धुवायचे, मग दुसरीनं. मी एक धुतला. आता माझा एक तुम्ही धुवा."

मी चप्पल घातलेलीच नव्हती, बाजूचा रिकामा चौरंग होता त्यावर बसली, परीले मांडीवर घेऊन, आणि पाय परातीत ठेवला. सकाळपासून अनवाणी होती, पाय काळा झालेला, पाणी गढूळ झालं.

माताजी म्हटल्या, त्याच मधासारख्या आवाजात, "बाळा, हा तुझा अहंकार बोलतो आहे."

"असेल माताजी. मग धुवा ना. धुतल्यानं जातो म्हटल्या तुम्ही."

हे मी उर्मटपणानं नाही म्हटलं. मले खरंच वाटलं की त्या धुतील. एक क्षण वाटलं. माताजींनी ताईंकडे पाह्यलं आणि माइक बंद केला.

ताई उठल्या. एका पायाले कुंकू, दुसरा ओला. माझ्यासमोर आल्या आणि हळू बोलल्या, परत तसंच, कानाशी. "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

मी परीले घेऊन बाहेर निघाली. माझ्यामागं लंगडत वेणूअक्का. तिनं तांब्या परातीत उलटा ठेवला आणि आली. त्या दोघी, कामावरच्या, तिथंच राह्यल्या खाली मान घालून. मी त्यांना काही म्हणत नाही. त्यांच्या घरी बी पोरं आहेत.

बाहेर हे गाडीपाशी उभे. सगळं भोंग्यातून ऐकलेलं. चेहरा पांढरा पडलेला. "काय केलं तू," एवढंच म्हटले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

खोलीत येऊन मी भांडी गोळा करायले घेतली. हातात काही टिकत नव्हतं. परी विचारत होती, आपण गावाले चाललो का. तेवढ्यात शेठनी ह्यांना बोलावून घेतलं. परत आले तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग होता.

"ताई चांगल्या आहेत," म्हटले. "राग गेला त्यांचा. समारोपाले सगळे थांबलेत. तू फक्त एवढं बोलायचं की भोवळ आली होती, उपास होता, काय बोलली ते कळलं नाही. अंगात आल्यासारखं झालं. बस. एवढं बोललं की खोली राहते. माझं काम राहतं. परीची बालवाडी राहते."

हे माझ्यासमोर खाली बसले. हात जोडले. माझ्या नवऱ्यानं माझ्यापुढं हात जोडले. "एक वाक्य बोलायचं आहे फक्त. कोणाच्या बापाचं काय जातं."

मी हो म्हटलं.

लपवत नाही, मी बोलायलेच गेली होती. वाटेत ते वाक्य मनात घोकत गेली, शाळेतल्या कवितेसारखं. भोवळ आली होती, काय बोलली ते कळलं नाही. भोवळ आली होती. स्लॅबची खोली दिसत होती, दाराचा नळ दिसत होता.

हॉलमध्ये सगळ्या बसलेल्या, ताटांत पेढे. ताईंनी मले हाताले धरून पुढे नेलं, या वेळी चिमटा नाही, प्रेमानं. आणि माइकमध्ये म्हटल्या, "हिची तब्येत बरी नव्हती. बाळंतपणापासून डोक्याचा त्रास आहे बिचारीला. आपण मोठ्या मनाने क्षमा करू. आणि ती छकुली कुठाय, तिला आपण सेवेची छोटीशी शाबासकी देणार आहोत." त्यांच्या हातात परीसाठी फ्रॉक होता. गुलाबी.

माइक माझ्या हातात दिला.

दारापाशी हे उभे होते, परीले घेऊन. मी त्यांच्याकडे पाह्यलं आणि ते वाक्य शोधलं. होतं ते, जिभेवरच होतं. पण मले एक समजलं. हे आता मी बोलली तर दुपारी जे बोलली ते माझं राहणार नाही. ते येड्या बाईचं होईल. अंगात आलेल्या बाईचं. पुढं परीनं कधी नाही म्हटलं तर म्हणतील, आईसारखीच आहे, डोक्याचा त्रास.

"मले भोवळ नाही आली," मी म्हटलं. "मी जेवलेली होती. काय बोलली ते मले सगळं माहिती आहे."

माइक खाली ठेवला. तो घरंगळत गेला आणि भोंगा कर्कश वाजला. फ्रॉक तसाच ताईंच्या हातात राह्यला.

खोली गेली. त्याच दिवशी गेली, सामान टेम्पोत टाकलं आणि वेणूअक्काच्या घराच्या पडवीत आणून ठेवलं. अक्का म्हटली, "मना घर काय बंगला नही, पन आठे कोनी उठाडाव नही." पत्रा आहे. उन्हाळ्यात तापतो. हे आता नशिराबादच्या बाजूले दुसऱ्याच्या टेम्पोवर जातात, कधी काम असतं, कधी नसतं. माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी त्यांना दोष देत नाही, पण मन वळवायले बी जात नाही. आई फोनवर रडते. परीची बालवाडी सुटली.

कॉलनीत सांगितलं जातं की त्या ड्रायव्हरच्या बायकोच्या अंगात येतं. नळावर एक दोघींनी मले विचारलं बी, खरं का गं. काही बाया दया दाखवतात, एकीनं ताईत आणून दिला, बांध म्हटली. मी परत दिला. मायेनं आणला होता तरी दिला.

मी अजून घाबरते. कोणी दार वाजवलं तर हात थरथरतात. रस्त्यात ताईंची गाडी दिसली तर मी बाजूले होते. ताईंचे शेठ मोठे आहेत, उद्या काही बी करू शकतात, ते विचार येतात. भीती जाईल असं मले कोणी सांगू नका, ते मी त्या भोंग्यातून ऐकलं आहे.

पण जो विचारेल त्याले मी सांगणार आहे. नळावर विचारलं तर नळावर. ताईंनी परत बोलावलं, खोली देते म्हटल्या, ह्यांना कामावर घेते म्हटल्या, तरी सांगणार आहे. परी मोठी झाली की तिले सगळ्यात आधी. माझ्या अंगात कोणी आलं नव्हतं. डोकं ठिकाणावर होतं. ते मी बोलली, आणि परत बोलीन.